कापूरहोळची धाराऊ आणि ढाक्याच्या शेजारणी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोरसाठी कापूरहोळला वळायचं. धाराऊ गाडे याच गावची. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, पण सईबाईंची तब्येत खालावलेली. तेव्हा बाळराजांना धाराऊनं अंगावर पाजलं, असं परंपरा सांगते. दोनच वर्षांत सईबाई राजगडावर, म्हणजे वेल्हे भागात, वारल्या.

धाराऊ स्वतः लेकुरवाळी. मग आणखी एका बाळापुरतं दूध आलं कुठून? स्तन जितका रिकामा होतो तितकं दूध पुन्हा तयार होतं. तुंबून राहिलं की शरीर हात आखडतं. म्हणूनच 'दूध पुरत नाही' म्हणत वरचं सुरू केलं की अंगावरचं खरोखर आटू लागतं.

तयार झालेलं दूध बाहेर येणं ही तर आणखी नवलाची गोष्ट. बाळ चोखतं, त्याची वर्दी मज्जातंतूंमधून मेंदूला जाते, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि पान्हा फुटतो. कधी नुसतं रडणं ऐकूनही फुटतो! भीती, वेदना, ताण असला की मात्र अडतो. 'घाबरू नको गं, त्याला नीट पोटाशी घे, तोंड मोठं उघडू दे' म्हणत शेजारी बसलेली जाऊ म्हणजे मला तरी पान्ह्याच्या यंत्रणेतलाच एक भाग वाटते.

असा शेजारचा आधार खरंच कामी येतो का, हे ढाक्यात ताडून पाहिलं गेलं. त्याच वस्तीतल्या, स्वतः बाळांना पाजलेल्या बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन बाळंतिणींच्या घरी पाठवलं. पाच महिन्यांच्या बाळांपैकी फक्त आईच्याच दुधावर असलेली या घरांत ७० टक्के निघाली, इतर घरांत ६! २००० साली 'लॅन्सेट'मध्ये हे आकडे छापून आले, तेही शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या नव्हे, शेजारणींच्या जोरावर.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर आज असं घरी जाण्याचं काम आशा स्वयंसेविकांकडे, म्हणजे आशाताईंकडे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट द्यायची. आशाताई बहुधा गावचीच सून असते, त्यामुळे सासूसमोर 'मध घालू नका, चीक पाजा' म्हणायला तिला फार अवघडायला होत नाही. दूध पुरतंय का, हे ती स्तनाकडे बघून ठरवत नाही. लंगोट दिवसातून किती वेळा ओले झाले ते विचारते आणि बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवते.