महागडी काठी घ्यावी की घेऊ नये?

२ जून १९३२ रोजीची ही गोष्ट आहे. अमेरिकेत महामंदीचे दिवस होते. जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी नावाचा विशीतला एक गरीब शेतकरी माँटगोमेरी तळ्यावर मासे धरायला गेला आणि त्याच्या गळाला बास जातीचा एक मासा लागला. वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडे अधिक. घरच्यांनी तो मासा खाऊन टाकला, पण विक्रम राहिला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, तरी पेरीचे नाव नोंदीतून गेलेले नाही.

पेरीजवळ काही उंची काठी नव्हती. मग आज अमेरिकेतल्या दुकानांत बास धरायची एकेक काठी तीनशे ते सहाशे डॉलरना का विकली जाते? आणि बेताच्या कमाईच्या माणसाने ती घ्यावी का?

जिगची गोष्ट वेगळी

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. बुडालेली झाडे, खडक, पाणवनस्पती यांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो. पेरीने वापरले ते पाण्यातून ओढायचे लाकडी मासोळीचे आमिष. त्यावर मासा झडप घालतो, हाताला हिसका बसतो आणि साध्या काठीवरही ते कळते.

जिगचे तसे नाही. जिग म्हणजे शिशाच्या किंवा टंगस्टनच्या गोळीत बसवलेला जाड गळ. त्याला रबरी झालर असते आणि गवतात अडकू नये म्हणून पुढे ताठ केसांचा झुबका असतो. तो तळाशी सोडून हळूहळू उचलत, खेळवत आणायचा. बास पुष्कळदा जिग खाली बुडत असतानाच तोंडात घेतो. हाताला लागते ती फक्त एक बारीक टिचकी. कधी तर तीही नाही, दोरी नुसती बाजूला सरकते. आमिष खोटे आहे हे कळताच मासा ते थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणात हिसका देऊन तो जाड गळ त्याच्या जबड्यात रुतवायचा असतो.

म्हणजे काठीकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी हव्या असतात. टोक हळवे हवे आणि पाठ ताठ हवी. जास्तीचे पैसे मोजायचे ते या जोडीसाठी. चकचकीत रंगासाठी आणि नावासाठी नव्हे.

काठी कशी पारखावी?

या कामाला रील काठीच्या वरच्या बाजूला बसते ती कास्टिंग काठी घेतात. लांबी सात ते साडेसात फूट असावी. लांब काठीने सैल दोरी चटकन ताणली जाते आणि हिसका जोरात बसतो. मुठीच्या वर काठीची ताकद आणि तिला झेपणारे आमिषाचे वजन छापलेले असते. ते आधी वाचावे. १० ते १४ ग्रॅमच्या जिगला 'मीडियम हेवी' काठी पुरते. दाट गवतात २० ग्रॅमच्या पुढचा जिग टाकायचा तर 'हेवी' हवी. त्यापुढे 'फास्ट' हा शब्द पाहावा. याचा अर्थ काठी टोकाकडेच वाकते, खालचा भाग ताठ राहतो.

१९७३ साली फेनविक कंपनीने ग्रॅफाइटची काठी बाजारात आणली. त्याआधी काचतंतूच्या जड काठ्या होत्या. ग्रॅफाइट जितके उच्च प्रतीचे, तितकी काठी कमी वजनात ताठ होते आणि तळावरचा खडा की काटकी हेही बोटांना कळते. पण हीच काठी ठिसूळही असते. होडीच्या काठावर आपटली तर वरून काही दिसत नाही, पुढे कधीतरी मासा ओढताना ती मोडते. म्हणून हमीपत्र नीट वाचूनच पैसे द्यावेत. दुसरे असे, की ग्रॅफाइटमधून वीज वाहते. आभाळ गडगडू लागले की काठी खाली ठेवावी आणि विजेच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये. मुलांना हे आवर्जून सांगावे.

दुकानात जाताना आपली रील बरोबर न्यावी. ती बसवून काठी हातात धरावी. टोक जड होऊन खाली झुकत असेल तर दिवसभरात शेकडो वेळा फेकताना मनगट भरून येते. दोरीच्या कड्यांतून थोडा कापूस फिरवून पाहावा. कापूस अडकला तर कडी चिरलेली आहे असे समजावे. विक्रेता काय म्हणतो ते ऐकावे, पण मानावे आपल्या हाताचे.

हिशेब काय सांगतो?

अमेरिकेत केंद्र सरकारचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, काही राज्यांत ते जास्त आहे. या दराने पाचशे डॉलरची काठी म्हणजे ६९ तासांची मजुरी. दीडशे डॉलरची काठी म्हणजे सुमारे २१ तासांची. मधले ४८ तास कशासाठी द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. शंभर ते दोनशे डॉलरच्या काठीतही वर सांगितलेले गुण बऱ्यापैकी मिळतात. त्यापुढे किंमत दुप्पट होते, पण गुण दुप्पट होत नाहीत. वजन थोडे घटते, जाणीव थोडी वाढते. जो दर आठवड्याला तळ्यावर जातो आणि जिगच टाकतो, त्याला तो 'थोडा' फरक उपयोगी पडेल. जो वर्षातून चारदा जातो, त्याची काठी भिंतीलाच टेकून राहील.

तेव्हा आधी मध्यम किमतीची काठी घेऊन एक हंगाम काढावा. ती बारीक टिचकी बोटांना ओळखू येऊ लागली आणि हातातली काठीच कमी पडते आहे असे वाटले, तर पैसे साठवून उंची काठी जरूर घ्यावी. मात्र उधारी करून घेऊ नये. मासा गळाला लागेल की नाही हे सांगता येत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.