कंत्राटदाराचा परवाना आणि बदलती परिस्थिती

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या कारखान्याभोवती लहानमोठे उद्योग वाढले आणि त्यांच्याबरोबर बांधकाम, दुरुस्ती, माल चढविणे-उतरविणे, साफसफाई अशी कामे ठेक्याने घेणाऱ्या कंत्राटदारांचा एक मोठा वर्गही निर्माण झाला. दुर्ग-भिलाई या जोडशहरांच्या परिसरातील बोरसीसारख्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या कंत्राटदाराला वा त्याच्या कामगाराला परवाना ही गोष्ट अपरिचित नसते. परंतु परवान्याचा खरा अर्थ काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

परवाना म्हणजे कंत्राटदाराच्या लायकीचे कायमचे प्रशस्तिपत्र, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. कोण, कोठे, कोणते काम, किती कामगारांकडून आणि कोणत्या मुदतीत करवून घेणार आहे, याचे ते वर्णन असते. यांपैकी एकही गोष्ट बदलली की वर्णन आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते. ते वेळीच भरून काढणे, यालाच परवाना चालू ठेवणे म्हणतात.

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० आणि त्याखालील १९७१ चे केंद्रीय नियम यांनी ही व्यवस्था प्रथम घालून दिली. वीस वा अधिक कामगार लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना आवश्यक होता. त्याची मुदत बारा महिने असे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी निदान तीस दिवस करावा लागे. अर्ज वेळेवर केला असेल, तर नवा परवाना हाती येईपर्यंत जुनाच चालू आहे असे मानले जाई. उशीर झाल्यास शुल्क पंचवीस टक्क्यांनी वाढे.

समजा, एका कंत्राटदाराचा परवाना तीस कामगारांचा आहे आणि भट्टीच्या दुरुस्तीसाठी त्याला एकाएकी पन्नास माणसे लावावी लागली. परवान्यातील कमाल संख्या एका दिवसापुरतीही ओलांडता येत नसे. म्हणून माणसे कामावर घेण्यापूर्वी कारणांसह दुरुस्तीचा अर्ज करणे आणि शुल्कातील फरक भरणे प्राप्त होते. समजा, पुढे तो वृद्ध झाला आणि मुलाने धंदा हाती घेतला. परवाना हस्तांतरणीय नसल्यामुळे वडिलांच्या कागदावर मुलाला काम करता येत नसे. घर तेच, गिऱ्हाईक तेच आणि कामगारही तेच असले, तरी कायद्याच्या दृष्टीने कंत्राटदार नवा होता.

हा सारा कागदी खटाटोप कशासाठी, असे वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर कामगाराच्या स्थितीत आहे. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. परंतु कामगार नेमका कोणाचा, कोणत्या कामावर आणि केव्हापासून, हे सिद्ध करताना सरकारी नोंदीचा मोठा आधार होतो. नोंदच चुकीची असेल तर दाद मागणे कठीण होते. या प्रदेशात हा प्रश्न किती तीव्र होता, हे दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींतील कंत्राटी कामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली जी संघटना उभारली, तिच्यावरून दिसून येते.

तथापि जुन्या कायद्यात एक उणीव होती. कंत्राटदार विनापरवाना असला, तरी केवळ तेवढ्यावरून त्याचे कामगार मुख्य मालकाचे नोकर ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दीनानाथ विरुद्ध नॅशनल फर्टिलायझर्स या प्रकरणात १९९१ साली दिला. दोषी व्यक्तीला शिक्षा होई. ती तरी किती, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कामगाराच्या पदरात मात्र काही पडत नसे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता अमलात आली आणि तिने १९७० च्या अधिनियमाची जागा घेतली. आता ही मर्यादा पन्नास कामगारांची आहे आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. मिळालेल्या प्रत्येक कार्यादेशाची माहिती शासनाला कळविण्याचे बंधन कंत्राटदारावर आहे. परवाना आवश्यक असूनही तो न घेतलेल्या कंत्राटदारामार्फत कामगार लावले, तर ते मुख्य मालकाचेच कामगार मानले जातील, अशी स्पष्ट तरतूदही तीत आहे.

खाणी आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांच्या बाबतीत केंद्र सरकार, तर सामान्यतः खाजगी कारखान्यांच्या बाबतीत राज्य सरकार अधिकारी असते. म्हणून खाजगी कारखान्यातील काम संपवून खाणीतील काम घेणाऱ्या कंत्राटदाराने आपला परवाना कोणी दिला आहे आणि तो नव्या जागी लागू पडतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

मुदत पाच वर्षांची झाल्याने कंत्राटदाराची दगदग कमी झाली, हे खरे. परंतु त्यातच एक धोकाही आहे. पूर्वी वर्षातून एकदा तरी कागद आणि वस्तुस्थिती ताडून पाहण्याचा प्रसंग येई. आता तो पाच वर्षांनी येईल. मधल्या काळात भागीदार बदलतील, कामे बदलतील, कामगारांची संख्या घटेल वा वाढेल. हे बदल वेळच्या वेळी कळविण्याची सवय ज्या कंत्राटदाराला आहे, त्याच्या परवान्यावर कामगारालाही विसंबता येईल.