सँडविचसाठी पावाची निवड : सारण व पाव यांच्या जुळणीचा विचार

प्रस्तावना :

सँडविचची चर्चा होते तेव्हा ती प्रामुख्याने सारणाची असते. चटणी किती तिखट असावी, बटाटा कसा चिरावा, यांवर मतभेद होतात. पाव मात्र दुकानात मिळेल तो गृहीत धरला जातो. सकाळी सातला डब्यात भरलेले सँडविच दुपारी एकपर्यंत लगदा होते आणि विद्यार्थी ते अर्धवट टाकून देतो, यामागे सारणाचा दोष क्वचितच असतो. सारणातील पाणी, त्याचे वजन आणि ते किती वेळाने खाल्ले जाणार आहे, या बाबींशी पाव जुळलेला नसतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र व गोव्यातील परिचित पावांच्या आधारे या जुळणीचे विवेचन केले आहे.

पावाची घडण :

गव्हाचे पीठ पाण्यात मळले असता ग्लुटेनिन व ग्लायडिन या प्रथिनांपासून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. यीस्टमुळे निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू त्यात अडकतो व पीठ फुगते. भाजताना हे जाळे स्थिर होते. आतील जाळी बारीक व एकसारखी असेल तर काप सरळ पडतो आणि लोणी सर्वत्र पसरते. जाळी मोठी व विस्कळीत असेल तर पातळ चटणी छिद्रांतून खाली उतरते. वरचे कवच कोरडे व घट्ट असल्याने ते आतील मऊ भागापेक्षा उशिरा भिजते. पावाची निवड म्हणजे बहुतांशी या जाळीची व कवचाची निवड होय.

स्लाइस आणि लादी पाव :

मुंबईच्या रस्त्यावरील सँडविचमध्ये काकडी व टोमॅटो असतात. या दोहोंत सुमारे ९५ टक्के पाणी असून मीठ पडताच ते बाहेर येऊ लागते. विक्रेता प्रथम स्लाइसच्या कडेपर्यंत लोणी लावतो व मगच चटणी लावतो. यात चवीचा भाग आहेच. परंतु स्निग्ध पदार्थाचा हा थर पाण्याला पावात शिरू देत नाही, हे अधिक महत्त्वाचे. येथे बारीक जाळीचा पांढरा पावच योग्य. तो अगदी ताजा नसावा, कारण भट्टीतून नुकताच निघालेला पाव लोणी लावताना फाटतो. मात्र हे सँडविच हातात पडताच खाल्ले जाते. तीच कृती जशीच्या तशी डब्यात नेणे हीच खरी चूक आहे. डब्यासाठी स्लाइस भाजून पूर्ण गार करावी, चटणी घट्ट वाटावी आणि टोमॅटो वेगळा द्यावा.

वडापावाची गरज नेमकी उलट आहे. लादीतील पाव एकमेकांना चिकटून भाजले जात असल्याने त्यांच्या बाजूंना कवच येत नाही. ते बोटांनी सहज दबतात आणि गोल वड्याला सामावून घेतात. एक कड न कापता ठेवल्यामुळे वडा निसटत नाही. बेसनाचे आवरण बटाट्याचा ओलावा आत राखते आणि लसणाची कोरडी चटणी नव्याने पाणी आणीत नाही. हाच वडा दोन स्लाइसमध्ये ठेवून पाहावा, म्हणजे लादी पावाचे मोल कळते. दाबेलीचे सारण ओलसर असते, म्हणून तेथे पाव तव्यावर लोण्यात शेकून घेतात. (कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस देतात, पण तेथे पावाने रस्सा शोषणे हेच अपेक्षित असते.)

गोव्यातील पाव :

‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आलेला. गोव्यातील पोदेर पूर्वी पीठ आंबविण्यासाठी माडाची सूर वापरीत. त्यांचा उंडो कडक कवचाचा असतो, तर कोंडा लावलेली पोयी आतून पोकळ असते. चोरीस शिजताना त्यातून भरपूर चरबी सुटते. मऊ स्लाइस त्याने तेलकट होऊन हातातच तुटते. पोयीची पोकळी मात्र ते पिशवीसारखे धरून ठेवते. पोदेराची जागा स्लाइसच्या पाकिटाने घेतली, तर पावाचा एक प्रकार तर जाईलच, शिवाय या सारणाला साजेसे पात्रही जाईल, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

गव्हाचा पाव व शिळेपणा :

कोंड्याचे कण ग्लुटेनच्या जाळ्यात खंड पाडतात. म्हणून संपूर्ण गव्हाचा पाव दाट व ठिसूळ होतो. त्याचे काप जाड घ्यावेत आणि उकडलेले अंडे, पनीर यांसारखे कमी पाण्याचे सारण भरावे. केवळ तपकिरी रंगावर विसंबू नये. तो कॅरॅमलमुळेही येतो, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत.

पाव वाळल्यामुळेच शिळा होतो, हा समज अपुरा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बूसँगो यांनी १८५२ मध्ये दाखविले की, पाणी उडू न देताही पाव शिळा होतो आणि पुन्हा तापविल्यास मऊ होतो. याचे कारण स्टार्चच्या रेणूंची पुनर्रचना होय. फ्रीजच्या तापमानास ही पुनर्रचना अधिक वेगाने होते, जरी बुरशी तेथे उशिरा येत असली तरी. त्यामुळे फ्रीजमधील पाव थंड चटणी सँडविचला निरुपयोगी ठरतो, परंतु भाजून करावयाच्या सँडविचला तो चालतो. अर्थात उष्णतेने आलेला मऊपणा फार काळ टिकत नाही. असे सँडविच गरम असतानाच खावे.