नावानिशी दिलेला पैसा, निनावी दिलेला पैसा

एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलार्ड स्ट्रेट हॉल ही इमारत ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडले तेव्हा काहींच्या हातात बंदुका होत्या. ते छायाचित्र अमेरिकाभर गाजलं. जॉन ऑलिन हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि विश्वस्त. रसायनं आणि दारूगोळा हा त्यांचा धंदा. विंचेस्टर रायफलीही त्यांच्याच कंपनीच्या. विद्यापीठाने विद्यार्थ्यांपुढे मान तुकवली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांचं फाउंडेशन १९५३ पासून होतं, पण चाकोरीतल्या देणग्यांपलीकडे ते फारसं गेलं नव्हतं. सत्तरच्या दशकात त्यांनी ठरवलं, की हा पैसा यापुढे मुक्त बाजारपेठेचा विचार टिकवण्यासाठी खर्च व्हायचा.

अमेरिकेतल्या उजव्या चळवळीच्या पैशाचा इतिहास सांगताना बहुतेक जण सुरुवात करतात ती लुईस पॉवेल यांच्या टिपणापासून. ऑगस्ट १९७१ मध्ये या वकिलाने चेंबर ऑफ कॉमर्ससाठी एक गोपनीय टिपण लिहिलं: उद्योगजगतावर विद्यापीठांतून, वृत्तपत्रांतून, न्यायालयांतून हल्ला होतो आहे, आणि त्याला तिथेच, संघटितपणे आणि दीर्घकाळ उत्तर द्यायला हवं. काही महिन्यांतच पॉवेल सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. टिपण महत्त्वाचं होतं यात शंका नाही, पण सगळं श्रेय त्याला देणं मला पटत नाही. कॅन्सस सिटीच्या व्होल्कर फंडाने १९५० मध्येच मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक हायेक यांना शिकागो विद्यापीठात आणलं होतं आणि त्यांचा पगारही विद्यापीठ नव्हे, तर हा फंड भरत होता. अध्यासनाला पैसे द्यायचे आणि फळाची घाई करायची नाही, ही रीत पॉवेल यांच्या आधीची आहे.

१९७३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हेरिटेज फाउंडेशन सुरू झालं. नावात फाउंडेशन असलं तरी ही देणग्यांवर चालणारी थिंक टँक. सुरुवातीचे अडीच लाख डॉलर बिअर उत्पादक जोसेफ कूर्स यांचे; पुढे पिट्सबर्गच्या मेलन घराण्यातले रिचर्ड मेलन स्केफ हे तिचे सर्वांत मोठे आधार ठरले. १९८१ मध्ये रेगन सत्तेवर येतायेताच हेरिटेजने सुमारे अकराशे पानांचा कृती आराखडा त्यांच्यापुढे ठेवला. 'प्रोजेक्ट २०२५' नावाने गाजलेला २०२३ चा नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ त्याच मालिकेतला.

इथे कायद्याची बाजू पाहायला हवी. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खासगी फाउंडेशनांवर कडक बंधनं घातली. त्यांनी निवडणुकीच्या प्रचारात पडायचं नाही, विधेयकांसाठी लॉबिंग करायचं नाही. संशोधन, शिक्षण, प्रकाशन यांना मात्र मोकळी वाट. त्यामुळे पैसा उमेदवारांकडे न जाता अभ्यासवृत्ती, पुस्तकं, परिषदा आणि थिंक टँक यांच्याकडे गेला. शिवाय करातून सूट मिळालेला हा पैसा, म्हणजे त्यातला काही हिस्सा सार्वजनिक तिजोरीचाच. थिंक टँकने अहवाल लिहायचा आणि तिच्या भगिनी संस्थेने तो घेऊन खासदारांवर दबाव आणायचा, ही व्यवस्था त्यापुढची. हेरिटेजने २०१० मध्ये 'हेरिटेज ॲक्शन' काढली ती याचसाठी.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावते ती ऑलिन फाउंडेशनची कामगिरी. निक्सन आणि फोर्ड या राष्ट्राध्यक्षांचे अर्थमंत्री राहिलेले विल्यम सायमन १९७७ मध्ये या फाउंडेशनचे अध्यक्ष झाले. त्याआधी नुकताच मोटार उद्योगातल्या हेन्री फोर्ड दुसरे यांनी आपल्याच घराण्याच्या फोर्ड फाउंडेशनच्या मंडळाचा राजीनामा दिला होता. ज्या भांडवलशाहीतून हा पैसा आला तिचाच तिथे विसर पडतो आहे, ही त्यांची तक्रार. आपल्या पैशाचं असं होऊ नये म्हणून ऑलिन यांनी ठरवलं, की आपल्याला ओळखणारी माणसं हयात असतानाच सगळा निधी खर्च करायचा. तसंच झालं. सुमारे ३७ कोटी डॉलर वाटून २००५ मध्ये फाउंडेशनने दार बंद केलं.

त्यातली मोठी रक्कम गेली ती 'लॉ अँड इकॉनॉमिक्स' या विषयाला, म्हणजे कायद्याचा विचार खर्च आणि लाभाच्या हिशोबाने करण्याला. हार्वर्ड, येल, शिकागो, स्टॅनफर्ड इथे या अभ्यासाचे कार्यक्रम उभे राहिले. विषय वरवर तटस्थ दिसतो, पण त्याचा कल मुक्त बाजारपेठेकडे आहे, म्हणूनच आम्ही तो निवडला, हे फाउंडेशनचे कार्यकारी संचालक जेम्स पिअरसन यांनी पुढे मोकळेपणी सांगितलं. हेन्री मॅन हे प्राध्यापक न्यायाधीशांसाठी अर्थशास्त्राची शिबिरं घ्यायचे, आणि त्यांनाही हे साहाय्य मिळालं. १९९० पर्यंत केंद्रीय न्यायाधीशांपैकी सुमारे चाळीस टक्के तिथे जाऊन आले होते. उदारमतवादी न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही त्या शिबिराचं कौतुक केलं आहे. १९८२ मध्ये येलमधल्या परिषदेतून उजव्या विचारांच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची फेडरलिस्ट सोसायटी जन्मली आणि ऑलिन तिच्या पाठीशी दीर्घकाळ उभं राहिलं. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा निकाल २४ जून २०२२ रोजी आला, तेव्हा बहुमतातले न्यायाधीश याच सोसायटीच्या वर्तुळात वावरलेले होते. चाळीस वर्षं लागली.

हा निकाल मला मान्य नाही. पण चाळीस वर्षं थांबण्याची ती तयारी मी मानतो. उदारमतवादी फाउंडेशनांकडे पैसा जास्त होता. एकट्या फोर्ड फाउंडेशनपुढे ऑलिन अगदी लहान. फरक पडला तो देण्याच्या पद्धतीने. एकेका प्रकल्पाचा हिशोब मागत बसण्यापेक्षा उजव्या फाउंडेशनांनी संस्थांना वर्षानुवर्षं मोकळा पैसा दिला आणि तरुण माणसं हेरली. त्यांतला एक आपल्या मुंबईत जन्मलेला, मूळच्या गोवेकर कुटुंबातला दिनेश डिसूझा. अमेरिकन विद्यापीठांवर टीका करणारं त्याचं 'इलिबरल एज्युकेशन' १९९१ मध्ये आलं, ते ऑलिनच्या पाठ्यवृत्तीच्या आधाराने.

मिलवॉकीच्या ब्रॅडली फाउंडेशनची कथा थोडक्यात सांगता येते. अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनी १९८५ मध्ये रॉकवेलने विकत घेतली आणि एक स्थानिक फाउंडेशन रातोरात श्रीमंत झालं. ऑलिनमधले मायकेल जॉइस तिकडे गेले. १९९० मध्ये मिलवॉकीत सुरू झालेल्या शालेय व्हाउचर योजनेमागे, म्हणजे सरकारी पैशातून खासगी शाळेची फी भरण्याच्या योजनेमागे, या फाउंडेशनचं बळ होतं.

इथवर सगळं नावानिशी होतं. हार्वर्डमधल्या केंद्रावर आजही ऑलिन यांचं नाव आहे, देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीदाराच्या नावासारखं. खासगी फाउंडेशनला दर वर्षी कोणाला किती दिलं हे करखात्याला कळवावं लागतं आणि ते विवरणपत्र कोणालाही पाहता येतं. म्हणूनच १९९७ मध्ये एका अभ्यासगटाला सांगता आलं, की बारा फाउंडेशनांनी १९९२ ते १९९४ या काळात उजव्या धोरणकार्यासाठी २१ कोटी डॉलर दिले.

१९९९ मध्ये डोनर्सट्रस्ट निघाला आणि हे बदललं. देणगीदार ट्रस्टला पैसे देतो, करसवलत घेतो आणि पुढे कोणाला द्यायचे ते सुचवतो. कागदावर फक्त ट्रस्टचं नाव उरतं. निवडणुकीत कंपन्यांच्या खर्चावरची मर्यादा उठवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर तर निनावी पैशाला उधाण आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये बातमी फुटली, की शिकागोचे उद्योगपती बॅर साइड यांनी आपल्या कंपनीचे सुमारे १६० कोटी डॉलरचे शेअर मार्बल फ्रीडम ट्रस्टला दिले आहेत. ट्रस्टचे सूत्रधार फेडरलिस्ट सोसायटीचे लेनर्ड लिओ. ऑलिनने सगळ्या आयुष्यात वाटलं त्याच्या चौपटीहून जास्त रक्कम एका देणगीत गेली आणि मतदारांना वर्षभराहून अधिक काळ पत्ता नव्हता. डावी बाजूही यात निर्दोष नाही. सिक्स्टीन थर्टी फंडाने २०२० च्या निवडणूक वर्षात ४० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले, तेही देणगीदारांची नावं न सांगता.

आपल्या विचारासाठी पैसा देणं हा श्रीमंताचाही हक्क आहे. करसवलत घेऊन, नाव लपवून कायदे आणि न्यायाधीश घडवणं हा मात्र कोणाचाच हक्क असू नये. अमेरिकेत मतदान करणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: एखाद्या थिंक टँकचा अहवाल हाती आला, तर तिला पैसा देणाऱ्या फाउंडेशनांची विवरणपत्रं शोधून पाहा. ती इंटरनेटवर मोफत मिळतात. आणि जिथे नाव सापडत नाही, तिथे नाव जाहीर करण्याचा कायदा आपल्या काँग्रेस प्रतिनिधीकडे मागा.