अजस्र इंजिनाला टर्बोची फुंकर

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलची 'जेटफायर' घेणाऱ्याला पेट्रोलशिवाय आणखी एक टाकी भरून ठेवावी लागे. बोनेटखालच्या या टाकीत पाणी, मिथेनॉल आणि गंज रोखणारं थोडं रसायन असे. या मिश्रणाचं नाव मात्र दणदणीत होतं, 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. गाडीच्या साडेतीन लिटरच्या ॲल्युमिनियम व्ही-८ इंजिनाला कंपनीनेच टर्बोचार्जर बसवला होता आणि त्यातून २१५ हॉर्सपॉवर मिळत होती. दाबलेली हवा तापून इंजिनात टकटक सुरू होऊ नये, म्हणून हे मिश्रण हवेत मिसळत राही. टाकी संपली की डॅशबोर्डवर दिवा लागे आणि टर्बोचा दाब आपोआप उतरे. पुष्कळ मालकांनी ती टाकी भरायचा कंटाळा केला आणि मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रारी सुरू झाल्या. अखेर अनेक जेटफायरमधला टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्यात आला. १९६३ नंतर ही गाडी बंदच झाली.

लगेच पुढच्या वर्षी पॉन्टियॅकने अगदी उलटी वाट धरली. पॉन्टियॅक ज्या जनरल मोटर्सचा भाग होती, तिचा नियम असा, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टेम्पेस्ट'मध्ये ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. नवीन गाडी म्हणून नव्हे, तर जास्तीचे पैसे देऊन घ्यायचं पॅकेज म्हणून ते विकलं आणि नियमातून सुटका करून घेतली. हीच १९६४ ची 'जीटीओ'. पहिल्याच वर्षी ती बत्तीस हजारांहून जास्त खपली आणि 'मसल कार'चं युग सुरू झालं. पेट्रोल स्वस्त होतं, लोखंड स्वस्त होतं. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, एवढं सोपं गणित. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ मध्ये ७.४ लिटरचं एलएस-६ इंजिन आलं, तेव्हा कंपनी ४५० हॉर्सपॉवरचा आकडा सांगत होती. एअर क्लीनर, सायलेन्सर असली सामग्री न लावता मोजलेला हा आकडा असला, तरी आजही तो ऐकून माणूस थबकतो.

अशा इंजिनाला टर्बोची गरजच काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये आज साठ-सत्तरच्या दशकातल्या कॅमारो, शेव्हेल आणि मस्टँग यांना एक नव्हे, दोन-दोन टर्बो बसवणारे हौशी भरपूर आहेत. त्यांचं वेड समजून घ्यायचं तर इंजिन हवा कशी खातं ते आधी पाहायला हवं.

७.४ लिटरचं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी पळतं, तेव्हा ते एका मिनिटात पंधरा हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या पंधरा टाक्या एका मिनिटात रिकाम्या व्हाव्यात, तसं. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जाळता येतं. पण साध्या इंजिनात ही हवा फक्त वातावरणाच्या दाबाने, म्हणजे सुमारे १४.७ पीएसआयने, आत शिरते. दुसरीकडे, जळालेल्या इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा एक्झॉस्टवाटे बाहेर फेकली जाते. त्या वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. १९०५ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाचं 'लिबर्टी' इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर नेलं. हा डोंगर सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटींहून उंच. विरळ हवेत दमलेल्या त्या इंजिनाला टर्बोने समुद्रसपाटीवरची ताकद परत मिळवून दिली.

मोठ्या व्ही-८ शी टर्बोचं चांगलं जुळतं, त्याला एक कारण आहे. छोट्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो वेग घेईपर्यंत वाट पाहावी लागते. सात लिटरचं इंजिन मात्र टर्बोवाचूनही खालच्या वेगात दमदार ओढतं आणि एक्झॉस्टही मुबलक सोडतं. शिवाय व्ही आकारात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेला आपापला टर्बो दिला की नळ्या आखूड राहतात.

खरं दुखणं उष्णतेचं आहे. समजा ३० अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबाला नेली. चांगल्या टर्बोतून बाहेर पडताना ती ८० अंशांच्या वर गेलेली असते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवा जेमतेम पंचवीस ते तीस टक्के जास्त भरते. म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. रेडिएटरसारखी ही जाळी समोरच्या वाऱ्याने हवा निववते. ती नसेल तर सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीने लागलेली ज्योत पोचण्याआधीच ठिकठिकाणी भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. कानाला नुसती टकटक ऐकू येते, पण आत पिस्टनवर हातोडे पडत असतात. काही सेकंदांत पिस्टनची कड तुटते किंवा हेड गॅस्केट उडतं.

एलएस-६ चं कॉम्प्रेशन ११.२५ ला १ होतं. ते तसंच ठेवून पंपावरच्या पेट्रोलवर टर्बो लावणं म्हणजे इंजिन हाताने मोडणं. म्हणून बहुतेक कारागीर कॉम्प्रेशन नऊच्या आसपास उतरवतात, पिस्टन ओतीव असतील तर ते काढून फोर्ज्ड घालतात, रिंगची फट थोडी वाढवतात आणि पोलादी पदरांचं गॅस्केट बसवतात. काही जण ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन वापरतात. काही जण पाणी-मिथेनॉल फवारणारा संच बसवतात. जेटफायरच्या मालकांना नकोशी झालेली ती टाकी आज हौशी लोक स्वतःच्या पैशाने विकत घेतात.

इंधनाचा हिशेब आणखी नाजूक. टर्बोची हवा कार्बोरेटरमधून फुंकली, तर त्याच्या भांड्यातले पोकळ पितळी फ्लोट दाबाने चेपतात, म्हणून भरीव फ्लोट घालावे लागतात. हवेचा दाब जितका वाढेल, तितकाच पेट्रोलचाही वाढवावा लागतो. तो मागे पडला तर नेमकं पूर्ण जोरात असताना मिश्रण पातळ होतं. फ्युएल इंजेक्शन आणि संगणकाने हे काम सुकर केलं, हे ब्युइकने दाखवून दिलं. १९८० च्या पॉन्टियॅक टर्बो ट्रान्स ॲममध्ये ४.९ लिटरचं इंजिन, कार्बोरेटर आणि टर्बो होता, इंटरकूलर नव्हता. ताकद २१० हॉर्सपॉवर. १९८७ च्या ब्युइक जीएनएक्सने ३.८ लिटरच्या व्ही-६ मधून २७६ हॉर्सपॉवर काढली, तीही इंजेक्शन आणि इंटरकूलरच्या बळावर. अशा फक्त ५४७ गाड्या बनल्या.

आणि एक नळी, जिच्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिनमधून त्याला तेल दाबाने येतं, पण परत जाताना दाब उरत नाही. ते फेसाळलेलं तेल निव्वळ उताराने इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून परतीची नळी अंगठ्याएवढी जाड आणि सतत उताराची हवी. बोनेटखाली जागा नाही म्हणून टर्बो फार खाली टांगला किंवा नळीला कुठे पोट आलं, की तेल तुंबतं, सीलमधून गळतं आणि गाडी मागून निळा धूर सोडू लागते. दोष टर्बोचा समजून लोक तो बदलतात. नवाही तसाच गळतो.

इंजिन सांभाळलं तरी बाकीची गाडी साठच्या दशकातलीच असते. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६९ च्या कॅमारोला मागे पाटे आहेत आणि चासीची चौकट फक्त पुढच्या भागाला. दुप्पट ताकद आली की पाटे पिळवटतात, मागची चाकं उड्या मारतात, ॲक्सल तुटतात. त्यामुळे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर, ब्रेक असं सगळंच बदलत जावं लागतं. हे सगळं नीट जमलं तर काय होतं, ते 'हॉट रॉड' मासिकाच्या 'ड्रॅग वीक'मध्ये दिसतं. २००५ पासूनच्या या स्पर्धेत पाच दिवस वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर पाव मैल धावायचं आणि मधलं अंतर, एकूण सुमारे हजार मैल, तीच गाडी रस्त्यावरून चालवत न्यायची. २०१३ मध्ये ती टॉम बेली यांनी दोन टर्बोंच्या १९६९ च्या कॅमारोने जिंकली. ती गाडी पाव मैल सात सेकंदांच्या आत कापत होती.

तरीही प्रत्येक जुन्या गाडीवर हा प्रयोग करू नये. मूळ इंजिनासह टिकलेल्या एलएस-६ शेव्हेल मोजक्याच आहेत आणि टर्बोच्या नळ्यांसाठी एकदा पत्रा कापला की ती गाडी मूळ राहत नाही. ज्यांचं इंजिन केव्हाच गेलं आहे, सांगाडाच उरला आहे, अशा गाड्या अमेरिकेच्या भंगारवाड्यांत आणि गोठ्यांत अजून आहेत. टर्बो त्यांनाच बसवावा, आणि पहिला पैसा टर्बोवर नव्हे, ब्रेकवर खर्च करावा.