चाकांवरच्या बिऱ्हाडाचा रात्रीचा मुक्काम

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाने आता तेही साधले आहे. मोठ्या मोटारीत दोन बिछाने, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचकूप बसविले, की चाकांवरचे घर तयार होते. कोणी त्याला मोटरहोम म्हणतात. आपल्याकडे कॅराव्हॅन हा शब्द रूढ होत आहे. असे घर घेऊन निघालेल्या प्रवाशाला दिवसा फारशी विवंचना नसते. दिवस कलू लागला, की मात्र प्रश्न उभा राहतो: आज गाडी उभी करावयाची कोठे? भोपाळ आणि त्याचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून आज या प्रश्नाचा विचार करू.

प्रश्न तसा जुनाच आहे. जानेवारी १७३८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाशी तह केला, तो भोपाळनजीकच्या दोराहा सराई येथे. जुन्या वाटांवरची सराई म्हणजे भोवती भिंत, एक दरवाजा, पाण्याची सोय आणि जनावरांसाठी मोकळे आवार. त्या सराया गेल्या; परंतु ट्रकचालकांनी त्यांचा धडा सोडलेला नाही. जेथे दिवा आहे, पाणी आहे आणि चार माणसे जागी आहेत, अशाच ढाब्यावर ते गाडी लावतात. कॅराव्हॅनच्या प्रवाशाला नेमका याच्या उलट मोह होतो. निर्जन तळ्याकाठी, जंगलाच्या कडेला एकटेच राहावे, असे त्याला वाटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या नेहमीच्या घराला नगरपालिका पाणी पुरविते, सांडपाणी वाहून नेते, रस्त्यावर दिवा लावते. चाकांवरच्या घराला यांपैकी काहीच नसते. यास्तव त्याच्या मालकाने स्वतःच आपली नगरपालिका झाले पाहिजे. आणि या नगरपालिकेकडे तीन खाती असतात: जागा, हवा आणि पाणी.

प्रथम जागा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने गाडी उभी करता येत नाही. आणि दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी पोलिसांना हलविता येते. म्हणजे महामार्गाची कड हे मुक्कामाचे स्थान नव्हे. मग जंगल? भोपाळच्या दक्षिणेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर भीमबेटका आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये तेथील चित्रित शैलाश्रय शोधून काढले. हजारो वर्षे माणसांनी जेथे रात्री काढल्या, ते खडक पाहून आपणही येथेच पथारी टाकावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भोवतीचे रातापानीचे अरण्य डिसेंबर २०२४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात परवान्यावाचून शिरता येत नाही, तेथे आग लावणे हाही गुन्हा ठरतो. शहरालगतच्या केरवा आणि कलियासोत या जलाशयांच्या परिसरातही वाघांचा वावर आहे. तेथे मध्यरात्री दार उघडून बाहेर पडणे हे साहस नव्हे, अविचार आहे.

परदेशी सर्वत्र मोकळीक असते, हाही गैरसमज आहे. स्वीडनमध्ये रानोमाळ हिंडण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क लोकांना आहे, स्कॉटलंडनेही तो २००३ च्या कायद्याने मान्य केला. पण दोन्हीकडे हा हक्क पायी जाणाऱ्या माणसाचा आहे, मोटारीचा नव्हे. जर्मनीत थकलेल्या चालकाने वाहनतळावर एक रात्र विश्रांती घेणे चालते. खुर्च्या मांडून संसार थाटणे चालत नाही.

दुसरे खाते हवेचे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकर येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. गाडीतील जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोमाने संयोग पावतो. त्यामुळे निजलेला माणूस जागा होण्यापूर्वीच अचेतन होतो. म्हणून रात्री जनरेटर वा इंजिन चालू ठेवून झोपू नये, शेगडीवर गाडी उबदार करू नये, झरोके बुजवू नयेत आणि या वायूची सूचना देणारे यंत्र बिछान्याजवळ बसवून घ्यावे.

तिसरे खाते पाण्याचे, आणि भोपाळमध्ये तेच सर्वांत नाजूक आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव हे केवळ रम्य दृश्य नाही. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा त्यातून येतो, आणि २००२ पासून भोज पाणथळ क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले आहे. कॅराव्हॅनच्या शौचकूपाची सुटी टाकी साधारणतः वीस लिटरांची असते. दोन माणसांच्या वापराने ती दोन-तीन दिवसांत भरते. ती काठावरच्या झुडपांत रिती केली, तर पहिल्या पावसाबरोबर ती घाण तलावात उतरते. टाकीत घालावयाची रसायनेही निरुपद्रवी नसतात. मैला कुजविणाऱ्या जंतूंनाच त्यांतील काही मारतात. भांडी घासलेले साबणाचे पाणीदेखील ओढ्यात सोडू नये. ते टाकीत साठवावे आणि जेथे गटाराची सोय आहे, तेथेच, विचारून, रिकामे करावे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात वाहनांबरोबर कॅराव्हॅन उद्यानांचाही विचार आहे, तो याच कारणासाठी. ही उद्याने म्हणजे नव्या काळातील सरायाच होत. परंतु अशी सोय जेथे नाही, तेथे दिवस मावळण्यापूर्वीच एखाद्या ढाब्याच्या, धर्मशाळेच्या किंवा विश्रामगृहाच्या मालकाला विचारावे, योग्य ते भाडे द्यावे आणि त्याच्या आवारात गाडी लावावी. विचारून मिळालेली जागा लहान असली तरी तेथे झोप निश्चिंत लागते. आणि सकाळी गाडी निघून गेल्यावर मागे केवळ चाकांच्या खुणा राहिल्या, तर पुढच्या प्रवाशालाही तेथे कोणी नाही म्हणणार नाही.