हाती आलेले सामर्थ्य आणि नियमकर्ता : ऑनलाइन खेळ व बुद्धिबळ यांच्या निमित्ताने

खेळात नवा नियम आणणे आणि खेळाडूच्या हाती आधीच असलेले सामर्थ्य बदलणे ही दोन कृत्ये वरवर पाहता एकाच जातीची वाटतात. तशी ती नाहीत. पटावर नवा मोहरा आला, तर तो सर्वांनाच सारखा अपरिचित असतो. जुन्या मोहऱ्याची चाल बदलली, तर ज्याने वर्षानुवर्षे त्या चालीवर हुकमत मिळवली त्याच्या श्रमांना हात लागतो. ऑनलाइन खेळांचे निर्माते हे दुसरे कृत्य नित्य करीत असतात. त्यासाठी त्यांनी बसवलेली पद्धत, आणि असा कोणी निर्माता नसताना बुद्धिबळात झालेले बदल, ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर पाठभेद व रूपांतर यांचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला त्यांतून काही हाती लागावे. बुद्धिबळाच्या बाजूने पाहताना काशीचा, आणि तेथील मराठी पंडितघराण्याचा, संबंध ओघाने येतो.

ऑनलाइन खेळाची संहिता निर्मात्याच्या सर्व्हरवर असते. ती बदलली की एका रात्रीत सर्व खेळाडूंसाठी बदलते. जुनी प्रत कोणाच्या कपाटात उरत नाही. या बदलाला ‘पॅच’ म्हणतात. एखाद्या पात्राचे सामर्थ्य घटवणे म्हणजे ‘नर्फ’, वाढवणे म्हणजे ‘बफ’. ‘लीग ऑफ लेजेंड्स’सारख्या खेळात साधारणपणे दर दोन आठवड्यांनी असे बदल होतात आणि त्यांच्यासोबत कारणमीमांसेचे टिपणही प्रसिद्ध होते. सूत्राबरोबर भाष्य देण्याची ही रीत आपल्या परंपरेला मुळीच अपरिचित नाही; फरक इतकाच की येथे सूत्रकार आणि भाष्यकार एकच असतो, आणि पंधरा दिवसांनी तो स्वतःलाच खोडून काढू शकतो.

पहिला प्रश्न निदानाचा. एखादे पात्र अति प्रबळ आहे, म्हणजे कोणाच्या हाती? या खेळाचे निर्माते रायट गेम्स यांनी २०१९ मध्ये आपली कसोटी जाहीर केली. तीत खेळाडूंचे चार स्तर मानले होते : सामान्य, कुशल, अतिकुशल आणि व्यावसायिक. नवख्याच्या हाती निष्प्रभ असलेले पात्र व्यावसायिकाच्या हाती अजिंक्य ठरू शकते. म्हणून सामर्थ्य हा पात्राचा स्वतंत्र गुण नसून पात्र आणि हात यांच्यातला संबंध आहे, असे धरूनच बदल करावा लागतो. वाचकनिरपेक्ष संहिता मानायला जे तयार नसतात, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

दुसरा प्रश्न, हात नेमका कोठे घालावा. आघाताची तीव्रता, पल्ला, एका वापरानंतर दुसऱ्या वापरापर्यंतची प्रतीक्षा हे सर्व आकडे असतात. प्रतीक्षा दोन सेकंदांनी वाढवली तर खेळाडूने शिकलेली क्रिया शाबूत राहते, तिची वारंवारिता तेवढी घटते. सावध निर्माता म्हणून आधी आकड्याला हात लावतो. परंतु दोष क्रियेच्या स्वरूपातच असला तर आकडे पुरत नाहीत. ‘ओव्हरवॉच’मधील मर्सी हे पात्र याचे चांगले उदाहरण आहे. पडलेल्या अनेक साथीदारांना एकदम उठवणे हे तिचे परमसामर्थ्य होते. त्यामुळे साथीदारांना वाचवण्याऐवजी ते एकत्र पडेपर्यंत आडोशाला लपून राहणे फायद्याचे ठरू लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये ही क्रिया एकेकट्याला उठवण्यापुरती साधी करण्यात आली आणि परमसामर्थ्य म्हणून वेगळेच काही देण्यात आले. नवी रचनाही अति प्रबळ ठरल्याने पुढे कित्येक महिने तिच्यात दुरुस्त्या चालू राहिल्या. स्वरूप बदलले की आकड्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो, तो असा.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ने याहून पुढचे पाऊल उचलले. नोव्हेंबर २००५ मध्ये तिशीपार असलेले व्यवसाय नऊवर आणले गेले. ज्यांनी महिनोन्महिने खपून एखादी विद्या मिळवली होती, त्यांना ती विद्याच अस्तित्वात नसल्याचे दिसले. अनेक जुने खेळाडू निघून गेले. खेळ डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला, त्याला इतरही कारणे होती. तरी ‘असे करू नये’ हे सांगताना आजही हाच दाखला दिला जातो. उलट टोक ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’चे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या खेळात बदलांवर खेळाडूंचे मत घेतले जाते. आधी ७५ टक्के संमती लागत असे, २०२२ मध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांवर आणली गेली. मात्र ज्याच्या हाती प्रबळ शस्त्र आहे तो ते बोथट करायला मत का देईल? त्यामुळे खेळाचा तोल राखण्यासाठी आवश्यक वाटणारे काही बदल तेथेही मतदानाविनाच केले जातात, आणि ते अपरिहार्य आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आता, नियमकर्ताच नसेल तर काय होते? पैठणहून काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवन्तभास्कर’ हा बारा मयूखांचा निबंधग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ मुंबई, गुजरात व उत्तर कोकणातील न्यायालयांत प्रमाण मानला गेला, पां. वा. काणे यांनी १९२६ मध्ये त्याची आवृत्ती सिद्ध केली. त्याच ग्रंथातील ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे विवेचन येते, आणि १८७०च्या दशकात आल्ब्रेख्ट वेबर यांनी ते युरोपीय अभ्यासकांपुढे आणले. राजनीतीच्या ग्रंथात खेळाला स्थान मिळाले, हे लक्षणीय आहेच. त्याहून महत्त्वाचा आहे निबंधकाराचा अधिकार. तो रूढ आचार नोंदवतो, विकल्पांची व्यवस्था लावतो. मोहऱ्याची चाल बदलणे त्याच्या हाती नसते.

तरीही चाली बदललेल्या आहेत. इ. स. १०३०च्या सुमारास अल्‌बिरुनीने वर्णिलेला हत्ती एक घर पुढे किंवा चार तिरप्या दिशांनी एकेक घर जातो, जणू सोंड आणि चार पाय. मराठीतला आजचा हत्ती सरळ रेषेत धावतो, तर रशियन भाषेत ‘हत्ती’ हे नाव तिरक्या चालीच्या मोहऱ्याला, म्हणजे आपल्या उंटाला, आहे. राजाशेजारचा मंत्री एकेक घर तिरपा चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण युरोपात तो अमर्याद पल्ल्याची राणी झाला. आपण ते सामर्थ्य स्वीकारले, पण नाव वजीरच ठेवले. प्याद्याने पहिल्या खेपेस दोन घरे जाण्याची मुभा मात्र येथील खेळाने दीर्घकाळ घेतली नाही. कोणाच्याही स्वाक्षरीशिवाय झालेले हे बदल असे तुकड्यातुकड्यांनी, प्रदेशाप्रदेशाने मुरले. जुना हात आणि नवा नियम शेजारी शेजारी नांदू शकले, कारण जुना पट कोणी काढून घेतला नव्हता.

त्या सहवासाची किंमतही होती. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत, १८१४ मध्ये, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक मुंबईत इंग्रजीत निघाले, ते युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतल्याचे शीर्षकातच सांगत. देशी नियमांवर तयार झालेला सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता ठरला, तरी डावाच्या आरंभीच्या खेळ्यांत तो कच्चाच मानला गेला. प्याद्याच्या एका घराचा फरक त्याच्या हाताला शेवटपर्यंत जाणवत राहिला असावा.

वाराणसीजवळच्या लमहीचे प्रेमचंद यांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९२४) या कथेवर सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला, तेव्हा हाच पालट त्यांनी कथानकात घातला. दोन नवाबी खेळाडूंना इंग्रजी नियम समजावून सांगितले जातात. वजिराच्या जागी राणी येते, प्यादे दोन घरे जाते. १८५६ मध्ये कंपनीचे सैन्य अवध ताब्यात घ्यायला निघते आणि शेवटी हे दोघे त्याच जलद इंग्रजी रीतीने डाव मांडतात. प्रेमचंदांच्या कथेत अशा शेवटाला जागाच उरत नाही, कारण तेथे दोघेही डावावरून भांडून एकमेकांच्या तलवारीने मरतात.